काचेमागचा दिवा

काचवाले काका पहाटे पावणेपाचला उठायचे. गजर कधी लावावा लागला नाही. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती, तरी पाणी दोघांचं तापवायचे आणि उरलेलं ओतून द्यायचे. सहाला घर सोडायचं, पाऊण तास चालायचं, सातच्या आत कामावर.

काम एका कचेरीत. औषध कंपन्यांना रुग्णांचं म्हणणं हवं असतं. ही कचेरी ते गोळा करून देई. दोन खोल्या, मधे भिंतभर काच. उजेडाच्या खोलीत रुग्ण गोल बसून बोलायचे. त्यांना काचेत आपलंच तोंड दिसे. पलीकडच्या अंधाऱ्या खोलीतून कंपनीची माणसं त्यांना बघायची. काच दोन्ही बाजूंनी पुसायची आणि अंधारात न सांडता चहा द्यायचा, एवढं काकांचं काम. पुसायची ती मऊ फडक्यानं, वरून खाली, एका दमात. मधे हात थांबला की रेघ उमटते.

"काका, इतकी पुसू नका, पलीकडचं दिसायला लागेल," अशी थट्टा व्हायची. पलीकडचं कधी दिसतं ते काकांना पक्कं ठाऊक होतं. अंधाऱ्या खोलीत दिवा लागला की. म्हणून तिथल्या बटणावर त्यांनीच चिकटपट्टी लावली होती.

मालकीणबाई कडक होत्या. काचेमागं कोण बसलंय, बोलणं रेकॉर्ड होतंय, नको वाटलं तर केव्हाही उठून जाता येईल, हे रुग्णाला आधी सांगायचं, मगच सही घ्यायची. कायदा आणि माणुसकी, दोन्हीकडून हेच बरोबर, असं त्या म्हणत. काकांना ते शब्द पाठ झाले होते. ट्रे नेताना कानावर पडले की बरं वाटे. त्यांच्याशी दिवसभरात एवढं सविस्तर कुणी बोलत नसे.

त्या दिवशी बाई बाहेरगावी होत्या. स्तनाचं ऑपरेशन झालेल्या सहा बायका आल्या. चर्चा घेणारी मुलगी नवी होती. काचेमागं पाच पुरुष. त्यांनी तिला सांगून ठेवलं होतं की आमचं नाव काढू नकोस, बायका मोकळ्या होणार नाहीत. तिनं घाईघाईत सह्या घेतल्या आणि म्हणाली, "इथं आपण सगळ्या बायकाच आहोत."

अंधाऱ्या खोलीत कप मांडता मांडता काकांचा हात थांबला.

अर्ध्या तासानं त्यांतली एक शिक्षिका म्हणाली की व्रण तिनं नवऱ्यालाही दाखवलेला नाही. बाकीच्यांनी धीर दिला. तिनं काचेत स्वतःकडे एकदा पाहिलं आणि वरच्या गुंडीला हात घातला. काचेमागं एकानं खुर्ची पुढं ओढली.

काकांची बायको तशाच ऑपरेशननंतर कपडे बदलताना दिवा मालवायची. खोली रस्त्यालगतची, खिडकीला पडदा नाही; काकांना वाटायचं, त्यासाठीच. विचारलं कधी नाही.

त्यांनी ट्रे खाली ठेवला. चिकटपट्टी नखानं सोलली. बटण दाबलं.

काचेत पाच पुरुष उमटले. शिक्षिकेनं गुंडी मुठीत धरली. कंपनीतला एकजण दातओठ खात दिवा घालव म्हणाला. काका बटणाला पाठ लावून उभे राहिले. पलीकडं एकेक बाई उठली आणि निघून गेली.

मालकीणबाई परतल्या. सहाही जणींना त्यांनी स्वतः फोन केला, कोण बघत होतं ते सांगितलं, माफी मागितली, रेकॉर्डिंग पुसून टाकलं. कंपनीनं निरोप धाडला होता, एक तर तो माणूस नाही तर आमचं काम. बाईंनी काकांना बोलावलं.

"हात चुकून लागला, एवढं लिहून द्या. मला तुम्हाला ठेवता येईल."

"बाई, चुकून लागलेला दिवा माणूस लगेच मालवतो. मी मालवला नाही."

कंपनीच्या कामावर कचेरीतल्या अकरा जणांची घरं चालत होती. बाईंनी काकांना पूर्ण महिन्याचा पगार दिला आणि स्वतः चहा करून आणला. साखर फार झाली होती. काकांनी संपवला, कप विसळला, काच दोन्ही बाजूंनी शेवटची पुसली.

त्या पगारातून त्यांनी जाड कापडाचा पडदा आणि दांडी घेतली. माप दोनदा घेतलं, भिंतीत चार भोकं पाडली, दांडी सरळ बसली. संध्याकाळी पडदा ओढला आणि दिवा लावला. मालवायला कुणी नव्हतं. तो बराच वेळ तसाच जळत राहिला.