आण्णांचा तोल

माझं लग्न ठरलं त्या हिवाळ्यात आमचे आण्णा सायकलवर बसेनासे झाले. रोज सकाळी दुधाचे दोन कॅन घेऊन माझे वडील ओतूरच्या डेअरीला जायचे, वर्षानुवर्षं, सायकलवर शीळ घालत. आता ते सायकल ढकलत नेऊ लागले. विचारलं तर म्हणाले, "टायर झिजलंय." मी दाबून पाहिलं. टायर चांगलं होतं.

मग चालण्यातही फरक पडला. पाय फाकवून, जमिनीकडे बघत चालायचे. समोरून कुणी आलं तर चालता चालता ओळखायचे नाहीत. जागच्या जागी थांबायचे, नीट बघायचे, मग रामराम घालायचे. दिवेलागणीला ओट्यावरून उतरताना भिंत धरायचे. जन्मात सुपारीचं खांड तोंडात न टाकलेला माणूस. पण एखाद्याचं पाऊल कधी वाकडं पडतंय याची गाव वाटच बघत असतं. गिरणीत माझ्या पाठीमागे बायका कुजबुजायला लागल्या. मी दळण तिथंच ठेवून भांडले. माझा बाप पीत नाही, पुन्हा बोललात तर याद राखा, असं तोंडावर सांगून आले.

आठच दिवसांत बेल्ह्याहून माझे होणारे चुलतसासरे मोटारसायकलवर आले. इकडचं तिकडचं झालं आणि मग म्हणाले, "पावणं, राग धरू नका. तुमी घेता, असं कानावर आलंय."

मी आत चहा गाळत होते. आता आण्णा काय सुनावतात ते ऐकायला मी गाळणी हातात धरून थांबले.

"खरं हाय," आण्णा म्हणाले. "थोडी लागती आता. हळद लागली की सोडतो."

पाहुणे मोकळेपणी हसले. "आवो, एवढंच ना? आमच्यात बी हायेत दोघं-तिघं. आमाला वाटलं, काय आजारबिजार हाय का."

आई शेजारी भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही. आईला हे माहीत होतं आणि मला नव्हतं, एवढं कळलं. पण काय माहीत होतं, हे विचारायची अक्कल मला नव्हती. ज्यांच्यासाठी मी गिरणीत भांडले त्यांनीच माझी शोभा केली, एवढंच डोक्यात होतं. पुढे लग्नापर्यंत मी आण्णांशी धड बोलले नाही. हळदीच्या दिवशी मात्र बोलले. मी म्हणाले, कन्यादानाला काका-काकू बसतील, तुम्ही पुढे येऊ नका, पाहुण्यांसमोर पडलात तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. ते "बरं" म्हणाले. मंगलाष्टकं चालू असताना मला दिसलं, आण्णा लांब मागे मांडवाचा खांब दोन्ही हातांनी धरून उभे होते. मला वाटलं, आज तरी घ्यायला नको होती.

दोन वर्षांनी दिवाळीला माहेरी गेले होते. सकाळी आण्णा मोरीत उभ्याने तोंडाला साबण लावत होते, मी टॉवेल घेऊन बाजूला उभी होते. साबण जाऊ नये म्हणून त्यांनी डोळे मिटले आणि हात तोंडावरच असताना ते तसेच्या तसे दगडावर कोसळले. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. कपाळातून रक्त येत होतं आणि तोंडाला फक्त साबणाचा वास होता. मी पुन्हा पुन्हा वास घेतला. पहाटेपासून माझ्यासमोर असलेला, चहाशिवाय काहीही न घेतलेला माणूस असा कसा पडतो?

टाके घालणाऱ्या डॉक्टरांनी पुण्यातल्या मेंदूच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली. आई-आण्णांना घेऊन मी एसटीने गेले. त्या डॉक्टरांनी आण्णांना पाय जोडून उभं केलं. नीट उभे राहिले. "आता डोळे मिटा," म्हणाले, आणि आण्णा माझ्या अंगावर आले. डॉक्टरांनी त्यांना सावरलं आणि विचारलं, "कधी टीबीची इंजेक्शनं घेतली होती का?"

आण्णांनी आईकडे पाहिलं. आई रडायला लागली.

"दोन महिने," आण्णा म्हणाले. "रोज. दूध घालून झालं की दवाखान्याच्या मागच्या दारानं जायचो."

टीबी हा शब्द आमच्या घराच्या बाबतीत मी पहिल्यांदा त्या खोलीत ऐकला.

डॉक्टर शांतपणे समजावत होते. कानाच्या आत तोल ओळखणाऱ्या पेशी असतात, त्यांना बारीक केस असतात. डोकं किती हललं याची खबर कानातल्या या पेशी मेंदूतल्या पेशींना सतत देतात. आपण गप्प बसलो तरी ती खबर चालूच असते. काही जणांच्या कानातल्या पेशी या इंजेक्शनाने मरतात, पुन्हा येत नाहीत. एकाच कानाच्या गेल्या तर मेंदूतल्या पेशी थोडे दिवस गोंधळतात आणि हळूहळू आपलं आपण जमवून घेतात. यांच्या दोन्हीकडच्या गेल्यात. मग मेंदू डोळ्यांवर आणि तळपायांवर भागवतो. डोळे मिटले की संपलं.

"चक्कर येते का, पाय अधांतरी वाटतात का, असं कुणी विचारलं नव्हतं का?"

"कंपाउंडर इचारायचा की रोज," आण्णा म्हणाले. "मी नाय म्हणायचो. व्हय म्हटलं असतं तर पुण्याला धाडलं असतं. मग लपलं असतं का? पोरीचं जमलेलं मोडलं असतं."

"पहिल्याच आठवड्यात सांगितलं असतं तर इंजेक्शन बदललं असतं," डॉक्टर म्हणाले. "बरंच वाचलं असतं."

पहिल्या आठवड्यातच सायकलवर बसणं सुटलं होतं. त्यानंतर जवळजवळ पन्नास सकाळी त्यांनी दंड पुढे केला होता, माझ्यासाठी. आणि मी त्यांना मांडवात मागे उभं केलं होतं.

एसटी स्टँडवर माझा हात धरून चालताना आण्णा थांबले. "जावईबापूंना हे बोलू नको," म्हणाले. "पिण्याचंच ऱ्हाऊ दे."

माझं डोकं फिरलं. ज्या माणसाने कधी दारूला हात लावला नाही त्याला जन्मभर दारुडा म्हणवून घ्यायचं? सासरी परत गेले त्याच संध्याकाळी मी नवऱ्याला सगळं सांगून टाकलं. माझा नवरा वाईट माणूस नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुझी छाती कधी तपासलीय का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी माझा चहाचा कप बाकीच्या कपांपासून वेगळा, खिडकीत ठेवला होता. पुढे माहेरी गेले तेव्हा आण्णांनी मला बाजूला घेऊन विचारलं, कुणाला बोलली नाहीस ना. मी नाही म्हणाले.