फ्रीजची सुट्टी

गेल्या मे महिन्यात विजेचं बिल कमी करायच्या नादात मी आईचं इन्सुलिन गोठवलं. एकदा नाही, तीन आठवडे, रोज.

आज हे दोन वाक्यांत लिहिता येतं. तेव्हा मात्र मी पृथ्वी वाचवत होतो.

मी नुकताच रिटायर झालेलो. डोंबिवली पश्चिमेला, कोपर स्टेशनच्या बाजूला आम्ही तिघं: मी, बायको आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई. बायको आठ वाजता ठाण्याच्या ऑफिसला निघाली की घरातल्या बटणांवर माझं राज्य. जुन्या ट्यूब काढून एलईडी लावल्या. टीव्हीचा लाल ठिपकासुद्धा विझवायला लागलो. इथवर सगळं ठीक होतं. मग माझी नजर फ्रीजवर गेली. हा माणूस चोवीस तास घुमतो, एक दिवस सुट्टी घेत नाही, हे मला खटकलं.

गिझरला लावतात तसला टायमर आणला. सकाळी नऊ ते दुपारी तीन फ्रीज बंद. त्या सहा तासांत गारवा टिकावा म्हणून संध्याकाळी नॉब शेवटच्या आकड्यावर न्यायचा. शिवाय भरलेला फ्रीज थंडी धरून ठेवतो असं कुठेतरी वाचलेलं, म्हणून जिथे जागा दिसेल तिथे पाण्याच्या बाटल्या.

फ्रीजच्या दारात आईचा एक स्टीलचा डबा असायचा. इन्सुलिन टोचायचं चालू पेन बाहेर, पुढची पेनं या डब्यात. दारात मला बाटल्या हव्या होत्या. डबा उचलून मी वरच्या फळीवर अगदी मागे, फ्रीजरला टेकवून ठेवला.

"तिथे का?" बायकोने विचारलं.

"तिथे जास्त गार राहील."

डबा आठवड्यातून एकदाच उघडायचा, पेन संपलं की. तेही मी, दुपारी जेवणं झाल्यावर. तोवर फ्रीज बंद होऊन पाच तास झालेले, आतलं सगळं वितळलेलं. रात्रभर त्या डब्यात काय होतं, ते कुणीच पाहिलं नाही.

पहिलं पेन काढून दिलं तेव्हा आईने ते खिडकीकडे धरून फिरवलं.

"अरे, हे नेहमी दुधासारखं एकजीव असतं. आज फाटल्यासारखं दिसतंय."

"आई, तुला मोतीबिंदू आहे," मी म्हणालो. "तुला सगळंच फाटलेलं दिसणार."

आणि स्वतःच्या विनोदावर हसलो.

चार दिवसांनी तिची सकाळची साखर दोनशेच्या पुढे गेली. मग अडीचशे. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी डोस वाढवायला सांगितला. वाढवला. साखर आणखी वर.

आता घरात संशय घ्यायला एकच जागा होती. पलंगाखाली गवतात आंबे पिकत पडलेले, मावसभावाने रत्नागिरीहून पाठवलेली पेटी.

"आई, खरं सांगा हं," बायको म्हणाली.

"नाही गं. वास घेते फक्त."

माझा विश्वास बसला नाही. मी एकेका आंब्यावर बॉलपेनने आकडा घातला आणि रोज संध्याकाळी गुडघ्यांवर बसून हजेरी घ्यायला लागलो. आई पलंगावर बसून वरून बघायची. आम्ही दोघांनी खाल्लेले सोडले तर आंबे जिथल्या तिथे होते. मला कोडं सुटेना, म्हणून मी ठरवलं की शेजारचं कुणीतरी तिला पेढे देत असणार.

आई पाणी फार प्यायला लागली. मला बरं वाटलं, माझ्या बाटल्या कुणाच्या तरी कामी येत होत्या. तासातासाला बाथरूमला जायची आणि दिवा तसाच ठेवून यायची. मी मागोमाग जाऊन बटण बंद करायचो आणि ऐकवायचो, "आई, प्रत्येक युनिटमागे कुठेतरी कोळसा जळतो." माझी आई कधी ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. ही गप्प राहायला लागली, तेही मी सुधारणेतच धरलं.

एका गुरुवारी ती जेवून आडवी झाली. चहा टाकायला मी उठलो, तिला हाक मारली. उत्तर नाही. खांदा हलवला. तिने डोळे उघडले, ओठ सुकून चिकटलेले. माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं,

"कोण?"

तेवढ्यात स्वयंपाकघरात टायमर टक् करून वाजला. तीन वाजले होते. फ्रीज घुमायला लागला.

शेजारच्यांनी रिक्षा आणली. हॉस्पिटलमध्ये साखर मोजायच्या मशीनवर आकडा आलाच नाही. "मशीनच्या पलीकडे गेलीय," नर्स म्हणाली. बायको ऑफिसातून थेट घरी गेली आणि डॉक्टरांनी मागितलेला डबा घेऊन आली. त्यांनी एक पेन दिव्यापुढे धरलं.

"हे कुठे ठेवत होता?"

"फ्रीजमध्ये."

"फ्रीजमध्ये कुठे?"

मी सगळं सांगितलं. टायमर, नॉब, बाटल्या. बोलताना मलाच ते ऐकू यायला लागलं.

"एकदा गोठलं की ते कामाचं राहत नाही," ते म्हणाले. "तीन आठवडे तुम्ही त्यांना पाणी टोचताय असं समजा. डोस वाढवलात, म्हणजे पाणी वाढवलंत."

बायको माझ्याकडे न बघता म्हणाली, "आणि आपण त्यांना आंब्यांवरून बोलत होतो."

दोन दिवस सलाईन चाललं. मी बाहेरच्या बाकावर बसून होतो. डोक्यावरचा पंखा आणि चार दिवे भरदुपारी चालू होते, पण बटणाकडे हात गेला नाही. दरम्यान बिल आलं. जवळजवळ आधीच्या इतकंच होतं. सहा तास सुट्टीवर पाठवलेला फ्रीज उरलेले अठरा तास छाती फुटेस्तोवर काम करत होता.

तिसऱ्या सकाळी आईने मला ओळखलं. ओळखलं हे तिच्या कपाळावरच्या आठीवरून कळलं. राऊंडला आलेल्या डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत टॉर्च मारला.

"आजी, मोतीबिंदू बराच वाढलाय. साखर उतरली की डोळ्यांचंही बघून घेऊ."

"माझे डोळे राहू देत, डॉक्टर," आई म्हणाली. "आधी याचे तपासा."