सुपातलं मूठभर धान

उर्वशी मोहुर्लेला दुसऱ्यांचे पत्ते वाचायची खोड होती. ऑर्डर आली की चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावी तिच्या दोन खोल्यांच्या घरात प्रिंटर कुरकुरायचा, चिठ्ठी बाहेर टाकायचा, आणि ती खोक्यावर चिकटवण्याआधी उर्वशी लग्नपत्रिकेसारखी वाचून काढायची. कोण, कुठला, कितव्या मजल्यावर, मारुतीच्या देवळासमोर की मागे. सुरतेच्या चौदाव्या मजल्यावर बांबूची टोपली कशाला लागत असेल? कांद्यांना, की कुत्र्याच्या पिलाला?

"तुले काय करायचं हाय?" अजय म्हणायचा. अजय तिचा नवरा, राइस मिलमध्ये कामाला. "त्याईनं मांगलं, तू धाड. विषय संपला."

"धाडतोच ना. पन कोनाच्या घरी चाललं, थे मालूम नको पडाले?"

बचत गटाच्या प्रशिक्षणात मोबाईलवर दुकान कसं उघडायचं ते सगळ्याच बायका शिकल्या होत्या. उघडलं एकट्या उर्वशीनं. माल सगळा बांबूचा: टोपल्या, रोवळ्या, सुपं. विणायची सुगंधाबाई. बुरड मोहल्ल्यातली ही म्हातारी दारात पाय पसरून बसायची आणि कामट्या अशा काही ओढायची, की बघणाऱ्याला वाटावं, बांबूच तिचं ऐकतो आहे. बाजारातले व्यापारी तिच्या दारी येऊन थकले होते. उर्वशीला माल मिळायचा तो ती म्हातारीपाशी बसून गोष्टी करायची म्हणून.

सुगंधाबाईची एक रीत होती. सूप कुणाच्या हातात रिकामं द्यायचं नाही. तयार झालं की मूठभर धान त्यात टाकायचं आणि मग समोरच्याला द्यायचं. तिची आई तसं करायची, आईची सासू तसं करायची. उर्वशीही ते धान सांडू न देता सूप कागदात गुंडाळायची, वर प्लास्टिक लावायची, खोक्यात घालायची. ज्याचं सूप त्याचं धान. आपण मधल्यामध्ये काढून घेणारे कोण?

आणि उर्वशीचं सगळ्यात मोठं कोडं सुपांचंच होतं. वर्षभर सूप विचारायला कुत्रं फिरकत नसे. पण दसरा आला की सुपांच्या ऑर्डरी सुरू व्हायच्या आणि दिवाळीपर्यंत नुसता पाऊस. तोही जोडीनं, एक सूप मागवणारं कुणी नाहीच. पत्ते बघावेत तर बल्लारपूर, घुग्घुस, गडचांदूर. म्हणजे सूप मूलहून नागपूरच्या गोदामात जाणार, तिथं शिक्का खाणार आणि परत आपल्याच जिल्ह्यात येणार.

"गडचांदुरात काय पाखडते हे लोक?" ती अजयला विचारी. "सिमेंट?"

मागच्या वर्षी दिवाळी झाली आणि हे कोडं तिच्या अंगावर आलं. एक सूप परत आलं. उघडून पाहिलं तर जसंच्या तसं, आतलं धानसुद्धा हललं नव्हतं. पाठोपाठ तक्रारी आल्या, आणि एका सकाळी, ज्या ॲपवर दुकान होतं त्या कंपनीनं तिचं सुपाचं पान बंद केलं. कारण दिलं होतं: वापरलेली वस्तू नवी म्हणून विकली.

उर्वशीनं हे सुगंधाबाईला सांगायला नको होतं. पण पोटात ठेवणं तिला जमलं नाही.

"वापरलेलं?" सुगंधाबाईच्या हातातली कामटी थांबली. "माह्या हातचं सूप वापरलेलं म्हनते? कोन थो? आन त्याले इथी!"

"बाई, थो मानूस नाई. मशीन हाय."

"मशीननं वापरलं का मंग?"

त्या दिवसापासून टोपल्या, रोवळ्या मिळत राहिल्या, सूप बंद. "हा डाग पुसून आन, मंग सूप मांग," म्हातारी म्हणाली आणि ते शेवटचं. उर्वशीनं कंपनीला लिहून लिहून बोटं झिजवली. दर वेळी तेच गुळगुळीत उत्तर येई, तुमच्या सहकार्याबद्दल आभारी आहोत. वर्ष सरत आलं. पोळा झाला, गणपती बसले. दसरा तोंडावर, आणि पान बंदच.

तेवढ्यात नागपूरच्या विक्रेता संमेलनाचं बोलावणं मोबाईलवर आलं. सगळ्याच विक्रेत्यांना जातं तसं ते आलं होतं, पण उर्वशीला वाटलं, चला, कोणी तरी माणूस भेटेल. परत आलेलं ते सूप तिनं पुन्हा तसंच बांधलं, काखेत मारलं आणि पहाटेची एसटी पकडली.

हॉटेलच्या हॉलमध्ये मरणाची थंडी होती. गळ्यात नावाचा पट्टा घालून सगळे शाळेतल्या मुलांसारखे खुर्च्यांवर बसले होते. मंचावरच्या कोटवाल्यानं विचारलं, "तुमचा ग्राहक कोण आहे, हे तुम्हाला माहीत आहे का?" उर्वशी एकदम ताठ बसली. हाच तर तिचा प्रश्न! पण त्यानं मागच्या पडद्यावर रंगीत खांब दाखवले, काही चढते, काही उतरते, आणि म्हणाला, "हा आहे तुमचा ग्राहक." उर्वशीनं खांबांकडे नीट निरखून पाहिलं. बल्लारपूरची बाई काही त्यात दिसली नाही.

मदतीच्या टेबलावर एक गोरटेला पोरगा लॅपटॉप घेऊन बसला होता. तिनं सूप टेबलावर ठेवलं, सगळं सांगितलं.

"मॅडम, हे ॲपमधूनच होतं," तो म्हणाला. "इथं आम्ही फक्त मार्गदर्शन करतो."

"मंग करा ना."

"ॲपमधून लिहा."

जेवणाच्या वेळी गोल टेबलं होती आणि पाटी होती, 'एकमेकांशी ओळख करून घ्या.' उर्वशीला एवढंच हवं होतं. ताट घेऊन ती एका टेबलाशी बसली आणि शेजारच्या गृहस्थाला विचारलं, "तुम्ही काय विकता जी?"

"होम अँड किचन."

"म्हणजे काय काय?"

"असंच. मल्टिपल," म्हणत त्यानं आपला मोबाईल पालथा घातला.

दुसऱ्या टेबलावर तेच. तिसऱ्यावरही. कुणी नाव सांगे, गाव सांगे, माल सांगेना. उर्वशीला हसू यायला लागलं. श्रावणात तिच्या माहेरच्या बायका जंगलातून सात्या घेऊन यायच्या. ओटीत हे एवढाले अळिंबीचे गड्डे, आणि कुठं सापडले विचारलं, की हात सगळ्या रानभर फिरवून सांगायच्या, "तिकडं." इथं तर अख्खं संमेलनच तिकडंवाल्यांचं! मग तिनं विचारणं सोडलं आणि बघणं सुरू केलं. एकाच्या बाहीला पांढरा कापूस चिकटला होता.

"उशा का जी?" ती म्हणाली.

त्याचा घास हातातच राहिला. "कोणी सांगितलं तुम्हाला?"

"अहो ताई, सांगून टाका ना तुम्ही पण," पलीकडून एक बाई हसत म्हणाली. तिनं चपला काढून पाय शेजारच्या खुर्चीवर घेतले होते. "मी रीता. बल्लारपूरची. सोफ्याचे कव्हर विकते. लपवायचं काय त्यात, नक्कल करणाऱ्याला तर ॲपवरच दिसते. तुमचं काय?"

बल्लारपूर म्हणताच उर्वशी ताटासकट तिच्याशेजारी सरकली. "माह्यं बांबूचं. टोपल्या, रोवळ्या. आन् सूप."

"सूप? अरे वा! छठला लागते ना आमच्याकडे."

"छठ म्हणजे?"

रीताचे वडील बिहारमधून बल्लारपूरच्या कागद कारखान्यात कामाला आले होते. ती जन्मली इथं, शिकली मराठी शाळेत, नवरा मात्र गावाकडचा केला. दिवाळीनंतर सहाव्या दिवशी काय असतं ते ती सांगत गेली. बायका उपास धरतात, पाणीसुद्धा नाही. संध्याकाळी नदीत कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहतात आणि सुपात फळं, ऊस, घरी तळलेले गोड ठेकुए घेऊन बुडत्या सूर्याला देतात. सकाळी परत उगवत्याला.

"एकच सूप का दोन?" उर्वशीनं मधेच विचारलं.

"आमच्यात जोडीनं. काऊन?"

"आन् गडचांदूर? तिथी पन हायेत तुमचे लोक?"

"सिमेंट कारखान्यात कोण आहे मग? भरलेत!"

उर्वशीच्या ताटातला भात गार झाला. घुग्घुस, बल्लारपूर, गडचांदूर. इतक्या वर्षांच्या त्या पत्त्यांना एकाएकी पाय फुटले आणि ते नदीत जाऊन उभे राहिले. उपासात तहान लागली तर? पाऊस असला तर? पुरुषही धरतात का? तिचे प्रश्न संपेनात. आपण इथं कशाला आलो, हेही ती घटकाभर विसरली.

"थांबा, दाखवतोच तुमाले," म्हणत तिनं काखेतला पुडा सोडला. कागद उलगडला आणि मूठभर धान पांढऱ्या टेबलक्लॉथवर सांडलं.

रीतानं पाय खाली घेतले. तिचं हसू पार मावळलं होतं.

"हे काय?"

"धान. सूप रिकामं नाई देत आमच्याकडे."

"मूलचं दुकान का तुमचं? दुकानाच्या नावाशेजारी हिरव्या पानाचं चित्र आहे, तेच?"

"हो."

"म्हणजे तूच ती!" रीता अहो-जाहो विसरली. "मागच्या साली तुझ्याकडूनच मागवलं होतं मी. सासूबाईंचा उपास सुरू झाला, सूप उघडलं, तर आतून धान! छठचं सूप कोरं लागते, त्यात दाणा पडलेला चालत नाही. सासूबाई म्हणे, कुणी तरी वापरून धाडलं, जूठा है. रडायलाच लागल्या. चूल सोडून मी बाजारात धावली, सूप कुठंच नाही. शेवटी शेजारणीच्या पाया पडून घेतलं."

"मंग तक्रार..."

"मीच केली. दर साली कुरकुरून सोडून द्यायचे मोहल्ल्यातले, त्या सगळ्यांनाही करायला लावली."

उशीवाला कान लावून बसला होता. उर्वशीला आधी राग आला, मग लाज वाटली, आणि मग दोन्ही मागं सारून ती उपाशी बाई डोळ्यांसमोर आली, सुपातल्या धानाकडे बघत रडणारी. आपण भरलं म्हणून पाठवलं, तिला ते उष्टं दिसलं.

"कोनी वापरलं नवतं जी," ती हळूच म्हणाली. "मान म्हणून घातलं होतं. शपथ."

रीतानं टेबलावरचे दाणे हातानं गोळा केले. टाकायचे कुठं कळेना, तेव्हा पुन्हा सुपातच ठेवले. "एक सांग, कंपनीला तू काय लिहिलं?"

"सूप वापरलेलं नाई, असं लिवलं. शंभर खेपा."

"सगळेच लिहितात तसं. चोर पण लिहिते. धान काऊन घालता ते लिहिलं?"

उर्वशीनं नाही म्हणून मान हलवली. धान ही काही सांगायची गोष्ट आहे, हेच तिला कधी सुचलं नव्हतं.

मग मंचावर ग्रोथचं दुसरं सत्र सुरू झालं आणि या दोघी मागच्या खुर्च्यांवर एका मोबाईलवर वाकून बसल्या. रीतानं सांगितलं, उर्वशीनं लिहिलं. सुपाचा फोटो, दाण्यांचा फोटो. रीतानं आपली तक्रारही मागं घेतली आणि मोहल्ल्यातल्यांना तसं करायला लावते म्हणाली. "पण धान बंद कर. नाहीतर पुन्हा मीच तक्रार करीन, सांगून ठेवते."

"थे माह्या हातात नाई," उर्वशी म्हणाली. एसटीत बसल्यावर तिला खरी काळजी लागली ती त्याचीच. कंपनी ऐकेल एक वेळ. सुगंधाबाई?

सुगंधाबाईनं सगळं ऐकून घेतलं. कामट्या तासणं थांबलं नव्हतं, हा एक चांगला शकुन. रागावली की ती सुरी खाली ठेवायची.

"पान्यात कितीक येळ उभ्या राह्यतेत?"

"सूर्य बुडेपावतर. सकाळी पुना."

"लेकुरवाळ्या पन?"

"म्हाताऱ्या पन."

"आन् सुपात काय नेतेत?"

"केळी, ऊस, नारळ. गव्हाच्या पिठाचं गोड."

"रिकामं नाई नेत ना?"

"नाई, बाई. काठोकाठ."

म्हातारीनं एक लांब कामटी डोळ्यांपुढं धरून पाहिली. "मंग भांडन कायचं? थ्या भरतेत. आपुन आधीच भरून देल्लं, त्याईले भराले जागाच नाई ठेवली." कामटी पुन्हा तासायला घेत ती म्हणाली, "पन तुले मी रिकामं नाई देनार. तू काई उपाशी नाई हाय. माह्या हातून घेशीन त धानासंगच घेशीन. पुढचं तुह्यं तू पाह्य."

तसंच ठरलं. सुगंधाबाई धान घालून सूप द्यायची, आणि घरी येऊन उर्वशी ते धान पदरात ओतून घ्यायची, सूप कोरड्या फडक्यानं पुसायची आणि कोऱ्या कागदात बांधायची. पानाचं मात्र काहीच कळत नव्हतं. ती सकाळी उठून पाही, जेवताना पाही. "पाहून पाहून मोबाईल झिजीन," अजय म्हणाला. नवरात्राचे घट बसायच्या आदल्या दिवशी पान उघडलं. कुणी उघडलं, का उघडलं, कंपनीनं काही सांगितलं नाही. फक्त सहकार्याबद्दल आभार मानले. पहिली ऑर्डर बल्लारपूरची होती, जोडी. उर्वशीनं पत्ता दोनदा वाचला. खाली सूचनेच्या रकान्यात रीतानं लिहिलं होतं, 'दाणा दिसला तर बघ.'

छठला रीतानं बोलावलं तेव्हा जायचं उर्वशीच्या मनात होतंच. सुगंधाबाई मात्र आपणहून निघाली. नवं लुगडं नेसली होती. "पाह्यतो तरी," म्हणाली, "कोनाले माह्यं सूप उष्टं वाटलं होतं."

रात्री रीताच्या घरी झोपून पहाटे सगळ्या वर्धा नदीवर गेल्या. घाटावर उसाचे मांडव, दिवे, लाउडस्पीकरवर गाणी. पाण्यात बायकांची रांग, आणि प्रत्येकीच्या हातात सूप. सुगंधाबाई काठानं चालत एकेक सूप बघत होती. "हे साकोलीकडचं. हे कच्च्या बांबूचं, वर्ष नाई टिकनार." एकीच्या हातातलं पितळेचं चकाकतं सूप बघून ती थबकलीच. "उर्वशी! हे पाखडते कसं?"

"पाखडत नाई बाई थे."

"मंग सूप काऊन म्हनते?"

सूर्य वर आला, दूध-पाणी वाहिलं गेलं, आणि रीताची सासू थरथरत पाण्यातून बाहेर आली. हातात सुगंधाबाईचं सूप, ओलं, केळ्यांनी आणि ठेकुयांनी भरलेलं. रीतानं तिच्या कानात काही सांगितलं. सासूनं सुगंधाबाईकडे पाहिलं, अगदी टक लावून, आणि तिच्या पदरात प्रसाद घातला.

"बहन, एक बात बताओ," ती म्हणाली. दोन दिवसांच्या उपासानं आवाज बसला होता. "पहले उसमें धान क्यों डालते थे?"

रीता म्हणाली, "अम्मा, आधी काही खा तरी."

"खाती हूँ. पहले सुनने दे."

सुगंधाबाई तिथंच काठावरच्या दगडावर बसली, लुगडं सावरलं, सासूच्या हातातलं सूप मांडीवर घेतलं. त्याच्या ओल्या काठावरून बोट फिरवत, गाठ सुटली का बघत, ती आपल्या आईच्या सासूपासून सांगायला लागली.