ट्रामच्या घंटेसकट

ओडेसा प्रुइट कोपनहेगनला आली ती अकरा जणांच्या गाण्याबजावण्याच्या ताफ्यातली एक म्हणून. सहा आठवड्यांचा दौरा आटोपला, बाकीचे दहाजण बोटीने अमेरिकेला परतले आणि ही मागे राहिली, कारण बंदराजवळच्या एका लहानशा जॅझ क्लबने तिला आणखी पंधरा दिवस गायला सांगितलं होतं. साल एकोणीसशे एकसष्ट. वय सव्वीस. घर ओहायोतल्या टोलीडोला. तिथे एका हॉटेलच्या धुलाईखान्यात तिने सहा वर्षं चादरींना इस्त्री केली होती आणि दर रविवारी ती चर्चमध्ये गायची. न्यूयॉर्कच्या दोन रेकॉर्ड कंपन्यांनी तिला वाटेला लावलं होतं. एका साहेबाने तर अर्ध्या गाण्यातच ‘पुरे’ म्हणून हात वर केला.

"आवाज जड आहे तुझा. आणि तुझ्यासारख्या दहाजणी बाहेर बाकावर बसल्यात."

पंधरा दिवसांचे चार महिने झाले. क्लबमध्ये तिच्या साथीला कॉन्ट्राबास, म्हणजे माणसाएवढं खर्जातलं तंतुवाद्य, वाजवणारा आक्सेल हा उंच, अबोल माणूस. पूर्वी मासेमारीच्या बोटीवर होता. एका संध्याकाळी त्याने प्रेबेन नावाच्या मित्राला आणलं. प्रेबेन आधी रेडिओ दुरुस्त करायचा आणि आता त्याने दोन खोल्यांची रेकॉर्ड कंपनी काढली होती. तीन गाणी ऐकून तो थेट ओडेसासमोर येऊन बसला.

"मंगळवारी सकाळी मोकळ्या आहात का? तुमची रेकॉर्ड काढू या म्हणतो."

ओडेसाला वाटलं हा प्यायलाय. तिने आक्सेलकडे पाहिलं. आक्सेल म्हणाला, "दूध पिऊन आलाय तो. खरं बोलतोय."

मंगळवारी तिला पाचलाच जाग आली. घरमालकीण मॉर्टेनसेनबाईंनी राईच्या काळ्या पावावर लिव्हरची चटणी थापून पुढे ठेवली. बाईंचं इंग्रजी तोडकंमोडकं, पण टोमणे मारायला पुरेसं.

"खा. रिकाम्या पोटी गायलीस तर पोटच गाईल आणि तेच छापून येईल."

"घास उतरत नाही हो बाई."

"मग कॉफीत बुडव. मला नवरा मिळाला त्या दिवशीसुद्धा मी दोन तुकडे खाल्ले होते."

रेकॉर्डिंग होतं एका जुन्या नाचघरात. आवाज तिथे झकास घुमायचा, पण एकच पंचाईत होती. भिंतीपलीकडून ट्राम जायची. दर सात-आठ मिनिटांनी सगळं घर थरथरायचं आणि वळणावर चालक घंटा वाजवायचा. म्हणून प्रेबेनची बायको खिडकीत उभी राही. ट्राम दिसली की ती हात हलवी आणि सगळे थांबत. ट्राम गेली की पुन्हा सुरुवात.

पहिली दोन गाणी ओडेसा जीव मुठीत धरून गायली. प्रेबेनला ती आवडली, तिला स्वतःला नाही. न्यूयॉर्कच्या त्या साहेबाचा वर झालेला हात तिला समोर दिसत होता, म्हणून ती आवाज मुद्दाम हलका करत होती. आक्सेलच्या ते लक्षात आलं. मधल्या सुट्टीत तो जवळ आला.

"रोज रात्री गाते ती बाई आज आली नाही वाटतं?"

"कोण बाई?"

"तीच. जिच्या आवाजाने माझ्या वाद्याच्या तारा आपोआप हलतात."

ओडेसा हसली. मग म्हणाली, "माझं एक गाणं आहे. मीच जुळवलंय, इस्त्री करता करता. कागदावर नाही. क्लबमध्येही कधी गायले नाही."

"सूर दे," आक्सेल म्हणाला.

पियानोवाला आणि ड्रमवाला बाजूला बसले. नुसता तिचा आवाज आणि कॉन्ट्राबास. गाणं टोलीडोच्या सरोवरावरून येणाऱ्या वाऱ्याचं होतं, दोरीवर गोठून फळ्यांसारख्या कडक झालेल्या चादरींचं होतं. या वेळी तिने आवाज जसा होता तसा सोडला. खालचा, जड, रविवारचा. ड्रमवाला हातातली काडी तशीच धरून बसला. खिडकीतली प्रेबेनची बायको ऐकता ऐकता रस्त्याकडे बघायचंच विसरली.

शेवटच्या कडव्यात जमीन थरथरली. ट्राम. थांबायचं तर सगळं गाणं गेलं. ओडेसाने डोळे मिटले आणि लागलेला सूर सोडलाच नाही; तसाच लांबवत, धरून ठेवला. घंटा दोनदा वाजली. आक्सेलने लगेच खालच्या तारेवर तेच दोन ठोके परत दिले. तिने त्यावर शेवटची ओळ ठेवली आणि गाणं संपलं.

काचेमागे यंत्राशी बसलेला प्रेबेन धावत आला. "सुंदर, सुंदर. पण घंटा आली मध्ये. पुन्हा एकदा घेऊ."

आक्सेल कॉन्ट्राबास भिंतीला टेकवत म्हणाला, "घे. ती ट्राम परत कुठून आणणार आहेस?"

रेकॉर्ड महिन्याभरात आली. एका शनिवारी सकाळी रेडिओवर ते गाणं लागलं तेव्हा ओडेसा भाजी घेत होती. दुकानदारीण बटाटे तोलता तोलता थांबली. "ही तर आपली ट्राम," ती म्हणाली, आणि मग, "पण ही बाई कोण?" ओडेसाने सांगितलं. दुकानदारणीने तिच्याकडे पाहिलं, रेडिओकडे पाहिलं आणि मागच्या खोलीतल्या नवऱ्याला हाक मारली. ओडेसा बटाटे तिथेच विसरून घरापर्यंत धावत आली.

त्यानंतर दिवस नुसते उधळले. रेकॉर्डच्या दुकानांतला माल संपला, पुन्हा छापला, पुन्हा संपला. स्टॉकहोमहून बोलावणं आलं, हॅम्बुर्गहून आलं. मग न्यूयॉर्कहून तार आली, हात वर करणाऱ्या साहेबाच्याच कंपनीची. रेकॉर्ड अमेरिकेत काढायची आहे, फक्त घंटेची जागा नव्याने गाऊन द्यावी.

प्रेबेन म्हणाला, "तुझं नशीब आहे, तू ठरव."

ओडेसाने उत्तर लिहिलं. घंटा काढायची असेल तर मलाही काढा. तीन दिवस मॉर्टेनसेनबाईंनी तिला जेवताना हाक मारून भानावर आणलं. चौथ्या दिवशी दुसरी तार आली: आहे तशी चालेल.

नाताळच्या आदल्या रविवारी टोलीडोहून फोन आला. आईकडे फोन नव्हता. शेजारच्या वॉशिंग्टनकाकूंच्या घरून होता.

"रेकॉर्ड पोचली गं," आई म्हणाली. "आपल्याकडे वाजवायला काही नाही, म्हणून चर्चमध्ये नेली. दोनदा लावली."

"मग?"

"मग काय. तिसऱ्यांदा पाद्र्यांनीच लावली." पलीकडे दार वाजलं. "थांब हं, इथे दाराबाहेर रांग लागलीय. सगळ्यांना तुझ्याशी बोलायचंय."

आणि खरंच, एकेक जण येत गेला. धुलाईखान्यातली मैत्रीण, धाकटी बहीण, चर्चचा म्हातारा पेटीवाला. प्रत्येकाचं एकच वाक्य, ती गाणारी तूच ना गं? कोण रडत होतं, कोण हसत होतं. वेळ संपल्यावर ऑपरेटरने जोडणी तोडायला हवी होती, पण तिने तोडली नाही. ओडेसा मॉर्टेनसेनबाईंच्या बोळात भिंतीला टेकून उभी होती आणि प्रत्येकाला तेच सांगत होती, "हो, मीच आहे ती. मीच."