वरून घेतलेलं औषध

अगं, फोन ठेवू नकोस, जरा कानाशी धर आणि नीट ऐक. चेन्नईहून फोन करून "अप्पा, औषध घेतलं का?" एवढं विचारतेस आणि ठेवून देतेस. ह्याला काय विचारपूस म्हणतात? तुझे अप्पा, म्हणजे माझे धाकटे दीर, ह्यांच्यासारखा हट्टी माणूस कावेरीच्या ह्या काठावर नाही आणि त्या काठावरही नाही. असता तर ह्यांनी त्याच्याशी भांडण काढलं असतं.

दमा ह्यांना धुळीचा, पण आळ धूळ सोडून सगळ्यांवर. शेजारणीचं मांजर दारावरून गेलं की, "बघा वैनी, मुद्दाम केस झाडून गेलं." नवरात्रात पायऱ्यांवर बाहुल्यांचा कोलू मांडायचा तर तुझ्या आईच्या त्या बाहुल्या माळ्यावरून हेच उतरवणार, जुन्या धोतराने एकेक पुसणार, आणि मग राजा-राणीच्या जोडीसमोर बसून शिट्टीसारखा श्वास ओढणार. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. म्हणे, "बाहुलीचा हात मोडला तर?" मी म्हटलं, "आणि भावजी, तुमचा श्वास मोडला तर?" तर म्हणतात, "तो कुठे कोलूत मांडायचाय!"

डॉक्टरने रोज ओढायचा पंप दिला. श्वासाच्या नळ्यांची सूज उतरवणारं औषध ते. दम लागो न लागो, सकाळ-संध्याकाळ घ्यायचंच. तू नेमाने पाठवत होतीस, हे नेमाने घेत होते, आणि दम वाढतच होता! यंदा तर जेवताना एक वाक्य पुरं होईना. "औषधच खोटं," म्हणाले. मीही डॉक्टरला आणि औषधवाल्याला मनसोक्त शिव्या घातल्या.

मग एका सकाळी कॉफी घेऊन गेले तर काय बघते? मान मागे टाकलेली, तोंड आ वासलेलं आणि पंप वीतभर वर धरलेला! आपण लोट्यातलं पाणी वरून पितो ना, अगदी तसा. फुस्स झालं, आणि सगळं औषध चष्म्यावर. वर चूळ मात्र खळाळून भरली, कारण डॉक्टरने बजावलं होतं.

"भावजी, हे काय?"

"ओठ लावला तर उष्टं नाही का होणार, वैनी? तेच उष्टं परत संध्याकाळी तोंडात घालू?"

माझं डोकंच फिरलं. तो एवढा शिकलेला डॉक्टर, तू, तुझा नवरा, एकालाही "घेऊन दाखवा" म्हणावंसं वाटू नये? अंतर ठेवून औषध घेतो हा माणूस, आणि तुम्ही अंतर ठेवून काळजी घेता!

मी म्हटलं, "मोठ्या देवळात नादस्वरम वाजवणारा काय वीतभर वरून फुंकतो? रोज त्याच वाद्याला ओठ लावतो, आणि देव ऐकतो!"

अप्पांनी माझं ऐकलं. जन्मात पहिल्यांदा. पंप पुसला, ओठांत घट्ट धरला आणि हळू ओढला.

"लागला का सूर?"

"श्रुती जरा उतरलीय," म्हणाले.

गुण यायला थोडे आठवडे गेले, पण आला. काल आम्ही दोघं शिवगंगा बागेपर्यंत चालत गेलो. हे भराभरा पुढे. कोपऱ्यावर थांबून वळून म्हणाले, "काय वैनी, दमलात?" मी रागाने "नाही" म्हटलं. पण दमले होते गं. ह्यांना थांबवायला हाक मारायची तर माझ्याच आवाजात आता तेवढा जोर नाही. म्हणून म्हणते, लवकर ये. ह्यांच्याबरोबर चालायला कुणीतरी हवंय.