भाकरीचे फोटो

"पोट खोटं बोलत नाही, मावशी," असं म्हणत डॉक्टरबाई चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि पडद्यावरच्या ठिपक्यांत नाक खुपसायच्या. पोटाचा मालक शेजारीच बसलेला असायचा. त्याला 'बरं वाटतंय का' विचारणं त्यांच्या गावीही नसायचं. अशी माणसं तुमच्याही ओळखीत असतील, आतलं सगळं दिसतं पण समोरचं दिसत नाही.

नगरच्या एका दवाखान्यात मी तेव्हा स्वयंपाकाला होते. बाजरीची भाकरी पोटात किती वेळ राहते, हे बाईंना शोधायचं होतं. मी भाकरी थापायची. बाई ती कुस्करून, शिशाच्या आडोशामागे हातमोजे घालून, तिच्यात किरणांच्या औषधाचे थेंब मिसळायच्या. खाणाऱ्याला यंत्रापुढे बसवलं की आत गेलेली भाकरी पडद्यावर चमकायची. दर तासाला एक फोटो. माझ्या लग्नात माझे एवढे निघाले नव्हते.

आता माझी हुशारी ऐका. वय बावन्न, अक्कल परकरातली. "भाकरी कोरडीच द्यायची," असं बाईंनी दहादा बजावलेलं. तरण्या पोरांना दिलीही कोरडी. पण मग सोनईचे आबा आले, पाठोपाठ त्यांच्या वयाची आणखी चारजणं. म्हाताऱ्या माणसापुढं कोरडी भाकरी ठेवणारीला आमच्यात कैदाशीण म्हणतात. मी गरम भाकरीवर तूप सोडलं, मुरू दिलं. बाईंच्या तोंडावर कायम मास्क, वास येणार कुठून?

महिन्याभरानं त्या पेढे घेऊन स्वयंपाकघरात आल्या. "सापडलं, मावशी. वय झालं की भाकरी पोटात रेंगाळते." हे आता परदेशी मासिकात छापून येणार होतं आणि त्यावर त्यांना मोठ्या शहरात मोठी नोकरी मिळणार होती.

मी पेढा परत पुड्यात ठेवला. तुपाचं खाल्लं की दुपारभर भूक लागत नाही, हे कळायला मला यंत्र नको होतं.

"बाई, ते वय न्हाई. तूप हाय."

"किती?"

"चमचा चमचा. आबांना दोन."

"त्यांना दोन का?"

"माझ्या म्हायेरचे हायेत."

त्यांनी पेढ्यांचा पुडा उचलला आणि निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी तव्याशेजारी स्टूल टाकून बसल्या. नवी माणसं बोलावली, नव्या भाकऱ्या. मी हात धुतले तरी बघायच्या. "पोट खोटं बोलत नाही. स्वयंपाकीण बोलते." शेवटी निघालं काय, तर कोरडी भाकरी म्हाताऱ्या पोटात जेवढा वेळ राहते तेवढाच तरण्या पोटात. एवढीशी गोष्ट कोण छापतंय? मोठी नोकरी हुकली, बाई आडगावच्या दवाखान्यात गेल्या.

जायच्या आदल्या दिवशी मी त्यांना घरी जेवायला बोलावलं. भीतभीत कोरडी भाकरी वाढली. त्यांनी मास्क काढला. तेव्हा पहिल्यांदा दिसलं, ही तर माझ्या लेकीएवढी पोर.

"तूप कुठंय?"

मी तुपाचं भांडं हातात घेऊन थांबले.

"वाढा, मावशी. आज यंत्र नाही."

दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि भिंतीला टेकून तिथंच झोपल्या, बोटांना तूप तसंच. त्या भाकऱ्या पोटात किती वेळ राहिल्या कोण जाणे. मी उठवलं नाही.