बायपासनंतरची फटफटी

माझ्या नवऱ्याची विलायती मोटारसायकल या घरात माझ्या आधी आली. नगरच्या एका निवृत्त फौजी गृहस्थांकडून ह्यांनी ती पोत्यांत भरलेल्या सुट्या भागांच्या रूपात आणली आणि साखर कारखान्यातली नोकरी सांभाळून, बेलापुरात घराच्या मागच्या पडवीत स्वतःच्या हातांनी जोडली. लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की मुलगा निर्व्यसनी आहे, फक्त ही एक गाडी आहे. त्याचा अर्थ मला हळूहळू कळत गेला. तिचे गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्याला. तिच्या नटांना आपल्याकडचे साधे पाने बसत नाहीत, इंची पाने लागतात. उभी राहील तिथे ती ऑइल गाळते, म्हणून माझी एक चांगली परात कायमची तिच्याखाली गेली. रविवारी सगळी बिऱ्हाडं बाजाराला निघाली, की आमचे हे जमिनीवर मांडी घालून तिच्यासमोर बसलेले असायचे.

गेल्या पावसाळ्यात ह्यांची बायपास झाली. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी पथ्यं सांगितली. मीठ, तेल, वजन उचलणं. सगळं ऐकून घेतल्यावर ह्यांनी विचारलं, किक मारलेली चालेल का. डॉक्टर सहज हो म्हणायच्या बेतात होते. मी मध्ये पडून गाडी कोणती आहे ते सांगितलं. मग ते म्हणाले, छातीचं हाड नीट जुळेपर्यंत तिच्या जवळसुद्धा जायचं नाही.

हे जवळ गेले नाहीत असं नाही. जायचे, कव्हर उचलायचे, टाकीवरून फडकं फिरवायचे आणि परत येऊन पलंगावर पडायचे. जेवण कमी झालं, बोलणं त्याहून कमी. मी श्रीरामपूरच्या शाळेत मराठी शिकवते. वर्गात फळ्यावर लिहीत असायचे आणि डोक्यात एकच, आता घरी काय चाललं असेल.

ऊसतोडणी सुरू झाली त्या सुमाराची गोष्ट. शाळेतून आले तर घराचं दार नुसतं लोटलेलं. पलंगावर ह्यांचा मोबाईल पडलेला. पडवीत जाऊन पाहिलं तर परात होती, गाडी नव्हती.

हातातली पिशवी मी तिथेच टाकली. शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावल्या आणि म्हणाल्या, "दोघं गडी मागून ढकलीत हुते अन् हे वर बसले हुते. चालू झाली बरं का. कॅनॉलकडं गेले."

स्कूटी काढली आणि कॅनॉलच्या रस्त्याला लागले. उसाच्या ट्रॉल्या समोरून येत होत्या. प्रत्येक ट्रॉलीमागे रस्ता मोकळा झाला की मी रस्त्याच्या कडेला बघायचे. चरात बघायचे. काय दिसेल याची भीती वाटत होती, तरी बघायचे.

पुढे मोकळ्या रानात तोडणीवाल्यांच्या कोप्या पडल्या होत्या. उसाच्या पाचटाने शाकारलेल्या त्या छोट्या झोपड्या. त्यांच्यासमोर आमची गाडी उभी होती आणि तिच्यावर, हँडलपासून मागच्या सीटपर्यंत, ओली लुगडी वाळत घातली होती. बाजूच्या बाजेवर हे बसले होते. हातात चहाची कपबशी.

मी स्कूटी कशी लावली ते आठवत नाही. जवळ गेले आणि बाजेच्या कडेला मातीतच बसले. ह्यांच्या मनगटाला हात लावला, गरम होतं. तेवढंच मला हवं होतं.

टोळीतली एक वयस्कर बाई समोर आली. जामखेडकडची, दरसाल इकडे तोडणीला येणारी. तिनेच सगळं सांगितलं. धक्का मारून चालू केलेली गाडी इथवर आली आणि बंद पडली. साहेब उतरून किक मारायला लागले, तेव्हा शर्टाच्या उघड्या गळ्यातून तिला छातीवरचा टाक्यांचा व्रण दिसला.

"म्या म्हनलं, आदी घरचं मानूस यिऊ द्या. ऐकंनात. मंग धुतलेली लुगडी टाकली वर. बाईमानसाच्या लुगड्याला हात कसा लावत्याल?"

मी हसले, आणि हसता हसता मला रडू आलं. ती बाई माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मग तिने मलाही चहा दिला.

ह्यांनी खाली मान घालून एवढंच म्हटलं, "गंजून जाईल गं ती. उभ्याउभ्या गंजून जाईल."

मला फार राग आला होता, पण तो ह्यांच्यावर काढावासा वाटेना. गाडीबद्दल बोलताना ह्यांचा चेहरा कुणाबद्दल बोलत होता ते मला दिसत होतं.

"उद्यापासून किक मी मारणार," मी म्हणाले. "तुम्ही खुर्चीत बसून सांगायचं."

टोळीतल्या गड्यांनी गाडी ढकलत घरी आणून दिली. हे माझ्यामागे स्कूटीवर बसून आले.

दुसऱ्या दिवशी पडवीत खुर्ची मांडली. कारखान्यातले स्वतःचे जाड बूट ह्यांनी मला घालायला लावले. आत मोजे कोंबून ते कसेबसे बसले. आधी पेट्रोलचा कॉक उघडायचा, कार्बोरेटरची बारीक पिन दाबून पेट्रोल बाहेर पाझरेपर्यंत थांबायचं, स्पार्कची दांडी मागे घ्यायची आणि मगच किकवर सगळं वजन टाकायचं. दांडी मागे घ्यायला मी विसरले. किक उलटी फिरली आणि पोटरीवर अशी बसली, की आठवडाभर मी वर्गात लंगडत शिकवलं. मुलींनी विचारलं तर पायरी चुकली म्हणून सांगितलं.

ती चालू काही होईना. मग ह्यांनी कार्बोरेटर उतरवायला लावला. इंची पाने कोणते ते मला ओळखू येऊ लागले. त्यातलं पेट्रोल सोडणाऱ्या जेटचं बारीकसं भोक शिळ्या पेट्रोलच्या राळेने बुजलं होतं. ते साफ केलं, ठिणगी पाडणारे पॉइंट पॉलिश पेपरने घासले, नवं पेट्रोल भरलं. आमची भांडणंही झाली. 'हळू' आणि 'जोरात' हे दोन शब्द हे एकाच वाक्यात वापरायचे. पण भांडणारा माणूस जेवायला लागला होता. रात्री झोपण्याआधी उद्या काय उघडायचं ते सांगू लागला होता.

एका सकाळी शाळेला निघण्याआधी मी सहज म्हणून किक मारली आणि गाडी चालू झाली. आवाजाने पडवीचे पत्रे थरथरले. मला वाटलं हे काहीतरी मोठं बोलतील.

"दांडी पुढे घे आता," ते म्हणाले. आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसते ऐकत राहिले.

शाळेच्या मैदानावर मी गिअर शिकले. तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी हाड जुळल्याचं सांगितलं आणि मागे बसायची परवानगी दिली, सावकाश जायचं या अटीवर. पुढच्या रविवारी पहाट फुटल्यावर आम्ही शिर्डीला निघालो. आयुष्यात पहिल्यांदा हे तिच्यावर मागे बसले होते. श्रीरामपूरपर्यंत प्रत्येक वळणावर सूचना चालू होत्या. पुढे त्या थांबल्या. बराच वेळ मागून काहीच येईना. मी गाडी कडेला घेतली, मागे वळले आणि काय होतंय म्हणून विचारलं.

"कुठे काय?" हे म्हणाले. "आवाज ऐकतोय. चालवताना कधी इतका नीट ऐकू आला नव्हता."

शिर्डीला फुलांच्या दुकानांच्या ओळीपलीकडे एका टपरीवर थांबलो. कढईतली भजी ह्यांनी बघून घेतली आणि आपणहून बिनसाखरेचा चहा मागितला. मी भजी खाल्ली. ऊन वर यायच्या आत निघायला हवं होतं, पण दोघांपैकी कोणालाच घाई नव्हती.